हरेशच्या नळीतली लाल रेघ

सुई टोचेपर्यंत माणूस गप्प असतो आणि टोचली की बोलायला लागतो. परळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अर्धं आयुष्य सुया टोचण्यात घालवलं, तेव्हा किस्से किती जमले असतील बघा! पण मैत्रिणी जमल्या की माझ्या तोंडी हरेशच येतो.

गिरणी संपानंतरची ती वर्षं. लॅबमध्ये आम्ही तिघंच. मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढणारे आमचे डॉक्टर, सुया टोचणारी मी आणि रिपोर्ट टाइप करणारे नाईककाका. काका आधी गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. संप फिसकटला आणि गिरणी उघडली ती काकांना बाहेर ठेवूनच.

*

एकदा सकाळी फोन वाजला. काकांनी रजिस्टर ओढलं.

"बोला ताई, पेशंटचं नाव?"

"हरेश."

"वय?"

"तेवीस."

"आणि तुम्ही त्यांच्या कोण?"

पलीकडून तोच बारीक आवाज म्हणाला, "मीच हरेश."

काका दिवसभर स्वतःला शिव्या घालत होते.

*

दुसऱ्या दिवशी तो आला. वरळी कोळीवाड्यातला, ताडमाड उंच, पण गालावर लव म्हणून नाही. बरोबर त्याची आई, हिरामावशी. नवरा लवकर गेला, दादरच्या बाजारात मासे विकून हिनंच पोराला वाढवलं. अशक्तपणासाठी रक्त तपासायला कुणीतरी पाठवलं होतं.

सुई आत गेल्यावर हरेश म्हणाला, "मॅडम, मी मामाच्या होडीवर जातो. मी हाक मारली की सगळी हसतात. आवाज आणि दाढी, एवढं आलं ना, बस्स! बाकी काय नको आपल्याला."

मी कापूस दाबून धरला.

तेवढ्यात घात झाला. कुणा आजोबांनी वनस्पती तुपाच्या डब्यात भरभरून आणलेला शौचाचा नमुना माझ्या हातून सुटला आणि भसकन फरशीवर! पेशंट, काका, मी, सगळे नाक धरून फुटपाथवर. हरेश आत बाकावर बसून निवांत पेपर वाचतोय!

"अरे, बाहेर ये!" काका ओरडले.

"का? काय झालं?"

आणि त्या दिवशी डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून डोकं वर काढलं.

"तुला वास येत नाही?"

"कोळीवाड्यात राहतो डॉक्टर," मावशी म्हणाली. "वासाचं काय घेऊन बसलात?"

डॉक्टरांनी मावशीच्या टोपलीतला सुका बोंबील त्याच्या नाकाशी धरला. काही नाही. एका पेशंटबाईच्या वेणीतला मोगरा धरला. काही नाही. तेवीस वर्षं या पोराला वाटत होतं, वास येतो असं फक्त कोळीवाड्याबाहेरचे लोक म्हणतात!

डॉक्टर हळूच म्हणाले, "मेंदूत वासाची आणि वयात येण्याची तार एकाच गल्लीतून जाते. याची जन्मापासून जोडलेलीच नसावी."

तपासण्या झाल्या आणि ते खरंच निघालं. एका सांडलेल्या डब्यानं पोराचं दुखणं सांगितलं!

*

मोठ्या हॉस्पिटलच्या हार्मोनवाल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू केलं. रक्तावर लक्ष ठेवायचं काम आमचं. हार्मोनचा नमुना बर्फात घालून मोठ्या लॅबला जायचा. तो काढायचा पुढच्या इंजेक्शनच्या आधी, म्हणजे औषध शेवटपर्यंत पुरतंय का ते कळतं.

पहिला आकडा आला आणि काकांचा टाइपरायटर थांबला. "डॉक्टर, हा आकडा एका माणसाचा नाही, अख्ख्या तालमीचा आहे!"

हरेशला बोलावलं. पठ्ठ्यानं नमुना द्यायच्या आदल्याच दिवशी पुढचं इंजेक्शन घेऊन टाकलं होतं.

"म्हटलं, परीक्षेला जायचं तर अभ्यास करून जावं!"

*

खरी गंमत मात्र आमच्याकडेच दिसायची. बारीक नळीत रक्त भरून मशीनमध्ये गरागरा फिरवलं की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळं पाणी राहतं. हरेशची लाल रेघ पहिल्यांदा शंभरात छत्तीसवर होती. मग चाळीस, मग चव्वेचाळीस. औषध स्नायूत टोचायचं आणि रक्त इथं नळीत चढायचं! मी ती नळी उजेडात धरून बघत राहायचे. एक माणूस उशिरा का होईना, मोठा होत होता आणि ते मला आधी दिसत होतं.

आणि एके दिवशी रेघ पंचावन्नवर गेली.

रक्त इतकं दाट झालं तर गाठ होते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "असंच राहिलं तर इंजेक्शन थांबवावं लागेल." आवाज नुकता फुटायला लागला होता. हरेशचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना.

मी सहज विचारलं, "सकाळी पाणी किती प्यायलास?"

"पाणी कसलं?" मावशीच म्हणाली. "तुमीच सांगितलं ना, उपाशीपोटी आणा? काल दुपारपास्नं थेंब दिला नाय. मी पण नाय घेतला. पोराचा उपास, मग आईचा नको?"

निर्जळी! वर पोरगा सकाळभर उन्हात जाळी ओढून आलेला!

डॉक्टरांनी स्वतः उठून माठातलं पाणी दिलं. दोघांना. भरपूर पाणी पिऊन दोन दिवसांनी या म्हणाले. आले. नळी फिरवताना मी देवाचं नाव घेत होते. पन्नास! काकांनी तो आकडा टाइप करण्याआधी खिशातल्या रुमालाने चष्मा पुसला. इंजेक्शन चालू राहिलं.

*

पुढचा पावसाळा सरत आला. नारळ वाहून होड्या पुन्हा समुद्रात जाणार त्या आठवड्यात हरेश तपासणीला आला. हनुवटीवर पेपरचा कपटा चिकटवलेला आणि त्यातून रक्त पाझरलेलं. मी सुई बाजूलाच ठेवली.

"हे काय रे?"

तो मान खाली घालून हसला. "दाढी," म्हणाला. घोगरा, जाड आवाज!

"पहिलीच? मग न्हाव्याकडे जायचं ना!"

"आई बोलली, पहिली मीच करनार."

मी मावशीकडे बघितलं. ती आपला उजवा हात पदरात धरून बसली होती.

"चाळीस वर्षं कोयता चालवते, बाय," ती म्हणाली. "पापलेट काप, सुरमय काप, कदी हात हलला नाय. आज हलला."