सॉरी म्हणजे माफी नव्हे

इंग्रजीवर इतका संतापणारा आणि तो संताप इंग्रजीतूनच काढणारा माणूस बऱ्हाणपुरात दुसरा झाला नाही. आमचे आफ्रिकावाले काका सकाळी दार उघडत ते भांडायच्या तयारीनेच. त्यांच्या शनवारा भागातला दूधवाला त्यांच्या दारात हाक मारत नसे, नुसता खाकरत असे. मी डोईफोडिया या खेड्यातला. आमच्या घरात कुणाला मोटारीवरची पाटीही वाचता येत नव्हती. हायस्कूलसाठी वडिलांनी मला ओळखीच्या या काकांच्या घरामागच्या खोलीत आणून ठेवलं. पुढे मी बी.ए. झालो तो या रागीट माणसाच्या तोंडच्या इंग्रजीवर, त्यामुळे या लिहिण्यात कुठे राग दिसला तर तोही त्यांच्याकडूनच आलेला समजावा.

तरुणपणी काका युगांडात कापसाच्या जिनिंगात कारकून म्हणून गेले. पुष्कळ वर्षांनी परतले तेव्हा इकडे राज्यांची नवी जोडणी झाली होती. इतकी वर्षं नागपूरकडे तोंड करून बसलेल्या आमच्या गावाची मान भोपाळकडे वळवलेली होती. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि ज्या कागदाची भीती वाटावी तो इंग्रजीत, अशी वाटणी होती. त्यात काकांनी चौथी भाषा आणली, ती म्हणजे तिकडची इंग्रजी. तिथे कुणी ठेचकाळला की बघणारा ‘सॉरी’ म्हणतो. ती माफी नसते. ‘लागलं का रे बाबा’ असा तिचा अर्थ. तिथल्या लोकांच्या स्वतःच्या भाषांत त्यासाठी शब्द आहेत, साहेबाच्या भाषेत नव्हता, म्हणून त्यांनी तो ‘सॉरी’त भरला. कुणी काम करताना दिसला तर त्याला ‘वेल डन’ म्हणूनच पुढे जायचं, आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला म्हणायचं, ‘यू आर लॉस्ट’, हरवला होतास की!

हे सगळं काका शनवाऱ्यात वापरू लागले. कोर्टातून उतरणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांना त्यांनी मोठ्या प्रेमाने ‘यू आर लॉस्ट!’ म्हटलं. वकील नेमके त्याच दिवशी खटला हरले होते. पुढे वर्षभर त्यांनी काकांचा नमस्कार घेतला नाही. एकदा शनवाऱ्याच्या वेशीच्या दरवाज्याखाली केळीच्या सालीवरून एक सायकलवाला घसरला, तेव्हा काका पलीकडच्या फुटपाथवरून ओरडले, “सॉरी! सॉरी!” त्याने उठून थेट काकांची कॉलर धरली.

“गिराया तुमने?”

“अरे, मी तर इथे उभा आहे!”

“मग सॉरी काहून म्हणता? पडलो मी, माफी तुमची?”

“वाईट वाटलं म्हणून, गाढवा! तुझ्या गावात कुणाला वाईट वाटत नाही का?” काका असे गरजले की तो बिचारा आपणच ‘सॉरी’ म्हणून निघून गेला.

आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होऊ लागले तेव्हा काकांनी गल्लीत पेढे वाटले. नंतर एका सकाळी वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं की तिथे राज्यकारभार इंग्रजीतच राहणार. त्यांनी हातातली बशी अंगणात फेकली. “झेंडा बदलला, राष्ट्रगीत बदललं, आणि फाशीची शिक्षा त्याच भाषेत? ज्याला फासावर जायचं त्याला दुभाष्याकडून कळणार?”

“ओरडता काहून?” काकू आतून म्हणाल्या. “युगांडाला ऐकू जाणार हाय का?”

“गेलं पाहिजे ऐकू!”

राग उतरल्यावर मात्र ते ओट्यावर बसून मला सांगत. तिकडच्या एका शाळेत आईची भाषा बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडी फळी अडकवलेली त्यांनी पाहिली होती. “तीच पोरं मोठी होऊन आता त्या भाषेत भाव करतात, भांडतात, लग्नं जमवतात. करतील काय? घरात बोल्या ढीगभर. एकीला गादी दिली तर दुसरी रुसते, म्हणून परकीला बसवली. मला त्याचा राग येतोच. पण त्यांनी निदान तिला आपल्या चुलीवर शिजवली. आपण? देवघरात ठेवलीय, सोवळ्यात!”

मग आमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांची जागा रिकामी झाली आणि काकांना तात्पुरतं घेतलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी होकार दिला तर नोकरी कायम होणार होती. काका रोज कोट घालून निघत. काकू पाठमोऱ्या कोटाकडे वळणापर्यंत बघत राहत. वर्गात आम्ही बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. तोपर्यंत कुणी पडलं की हसायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. काकांच्या वर्गात आम्ही ‘सॉरी’ म्हणायला लागलो. पाटी फुटली, सॉरी. शाई सांडली, सॉरी. कुणाची म्हैस मेली तरी सगळा बाक वळून म्हणे, सॉरी.

साहेब आले ते थेट आमच्या वर्गावर. वर्गाचा उंबरा जरा उंच होता. त्यांचा बूट अडला आणि ते टेबलावर कोसळता कोसळता वाचले. अख्खा वर्ग उभा राहून मनापासून म्हणाला, “सॉरी, सर!”

साहेबांनी चष्मा सारखा केला. “किसने किया?”

सगळे उंबऱ्याकडे बघू लागले.

“माफ़ी माँग रहे हो, तो किया किसने?”

पुढच्या बाकावरचा मुलगा चाचरत म्हणाला, “कोनीच नाही, सर. तुम्हाला लागलं ना, म्हून.”

साहेब काकांकडे वळले. “मास्टर साहब, यह अंग्रेज़ी नहीं है।”

काकांनी गप्प राहायचं होतं. आम्ही मनातून हात जोडत होतो. पण ते काका होते. “मग एक अख्खा देश चुकतो, साहेब! तिथला न्यायाधीश असंच बोलतो आणि बाजारातली केळीवालीही. ज्यांची इंग्रजी तुम्ही जपताय ते तर कधीच घरी गेले. त्यांच्या जिभेला पहारा तुम्ही काहून देता?”

पुढच्याच आठवड्यात नवे मास्तर आले. त्यांनी व्याकरण चोख घोकून घेतलं, ते मला उपयोगीही पडलं. पण कुणी पडलं की वर्ग पुन्हा हसायला लागला. त्या साहेबांचा राग मला अजून येतो. धडपडल्यावर इतकी मुलं कळवळली आणि या माणसाने त्यांच्यात गुन्हेगार शोधला. एवढं शिकून हेच करायचं असेल तर शिकायचं कशाला?

काकांचा कोट खुंटीला गेला. माझा अभ्यास ओट्यावर चालूच राहिला, शिव्यांसकट. बी.ए.चा निकाल सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “वेल डन.”

“काका, मी तर आता काही काम करत नाहीये.”

“माहीत आहे. आता लाग कामाला, म्हणून आधीच म्हटलं.”

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी खंडव्याला नोकरीत होतो. अग्नी देऊन तापीवरून आम्ही काकांच्या घरी आलो. त्या वर्गातले बरेच जण होते. कुणी केळीचा व्यापारी झालेला, कुणी कंपाउंडर, कुणी शेतावरून तसाच आलेला. काकू उंबऱ्याशी बसल्या होत्या. आधी केळीवाला पुढे झाला, खाली वाकला आणि म्हणाला, “सॉरी, काकू.” मग एकेक जण पुढे होऊन तेच म्हणाला, मीही म्हणालो. अशा वेळी हाच शब्द साहेबाच्या इंग्रजीतही चालतो. त्या दिवशी आमची चूक कुणालाच काढता आली नसती, आणि ती चूक नव्हे म्हणून भांडणारा माणूस घरात नव्हता.

काकूंना शाळा माहीत नव्हती. पण त्या शब्दाचा अर्थ त्या घरात त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, “हो रे बाबांनो. लागलं. लई लागलं.”