मुळेसाहेबांचं हब

मुळेसाहेब चहा पिण्याआधी त्यात बोट बुडवायचे. ओल्या बोटानं टेबलावर एक टिंब काढायचे, त्याच्याभोवती आठ-दहा टिंबं, आणि सगळ्यांना रेघांनी मधल्या टिंबाशी जोडून टाकायचे. "हे हब," ते सांगायचे. "इथं सगळे येणार, इथूनच सगळे जाणार. एवढं ज्याला कळलं त्याला धंदा कळला." तोवर चहावर साय धरलेली असायची. आमच्या दूध संघाच्या कार्यालयात चहाच्या वाळलेल्या रेघा नाहीत असं एकही टेबल नव्हतं, आणि ते पुसणारा शिपाई तोंडातल्या तोंडात काय म्हणायचा ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रघुनाथ मुळे अकरा वर्षं एका विमान कंपनीत होते. हैदराबादच्या विमानतळावर खिडकीमागे बसून प्रवाशांच्या बॅगा तोलून घेणं हे त्यांचं काम. ती कंपनी बंद पडली आणि साहेब बीड जिल्ह्यात परत आले. आमचे चेअरमन आबासाहेब जन्मात एकदाच विमानात बसले होते, पण त्या एका वेळेचा त्यांच्यावर फार परिणाम झाला होता. त्यांनी मुळेसाहेबांना संघाचे व्यवस्थापक करून टाकलं, तेही हंगामी. "आपल्या संघाला इमानातला म्यानेजर हाय," असं ते प्रत्येक भाषणात सांगत. मी संघाचा लिपिक. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. पत्रव्यवहार आणि सभांचं इतिवृत्त माझ्याकडे असायचं.

रविवारी परळीहून सलीमभाई यायचे. ते त्याच कंपनीत सामान चढवण्या-उतरवण्याच्या खात्यात होते, आता परळीत बॅटऱ्यांचं दुकान चालवत होते. दोघं समोरासमोर बसले की बुडालेली कंपनी संध्याकाळपर्यंत नफ्यात यायची.

"नागपूरला हब केलं असतं तर आज आपण दोघं युनिफॉर्ममध्ये असतो," मुळेसाहेब म्हणायचे. "नागपूर म्हणजे देशाची बेंबी!"

"मुळेसाब, बेंबीतून कुणी जेवतं का? खायचं तोंड हैद्राबादला हाय. तुमच्या नागपूरला लोक संत्री घ्यायला उतरत व्हते."

"संत्री घ्यायला का होईना, उतरत होते ना?"

"उतरत व्हते. पण चढत कोण व्हतं बे?"

शेवटच्या 'बे'ला आवाज चढला की मी खिडकी लावून घ्यायचो. कारण खिडकीबाहेर पाण्याच्या टँकरची रांग असायची. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. चार दिवसांनी येणाऱ्या टँकरसाठी बायका हंडे घेऊन उन्हात उभ्या, आणि आत दोन पंख्यांखाली नागपूर फायद्याचं की हैदराबाद याचा निकाल लागत नव्हता. मला त्या वेळी हसू यायचं. रांगेतल्या बायकांना येत नसावं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मुळेसाहेब आमच्या आठवणीत एक गमतीदार माणूस म्हणून राहिले असते. पण आबासाहेबांनी ते एक दिवस ऐकलं आणि संचालक मंडळापुढे विषय ठेवला की आपल्या दुधालाही हब पाहिजे. तेव्हा संघाची दूध गार करायची तीन छोटी केंद्रं होती. आसपासच्या वाड्यांतलं दूध जवळच्या केंद्रात यायचं, गार व्हायचं आणि पुढे टँकरमधून डेअरीला जायचं. आता एकच मोठं केंद्र ठेवायचं आणि बाकीची बंद करायची असं ठरलं. ते कुठं करायचं एवढाच प्रश्न उरला.

त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलंय. उमापूरचे संचालक म्हणाले, केंद्र उमापूरला फायद्याचं, कारण पाणी आमच्याकडं हाय. नांदूरघाटचे म्हणाले, नांदूरघाटला फायद्याचं, कारण विहीर आमच्याकडंबी हाय आणि वाड्या जास्त आमच्याच. आबासाहेब सुपारी कातरत होते. मुळेसाहेबांनी भिंतीवर नकाशा लावला, आठ दिवस खपून काढलेल्या आकड्यांवरून एक वर्तुळ ओढलं, आणि वर्तुळाचा मध्य बरोबर नांदूरघाटवर आला. माणूस थट्टेचा विषय होता, पण गणित पक्कं होतं त्याचं, हे मान्य केलं पाहिजे.

आबासाहेबांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. मलाही नेलं. रस्सा उत्तम झाला होता. हात धुताना आबासाहेब अगदी सहज म्हणाले, "मुळेसाहेब, तुमची कायम नेमणुकीची ऑर्डर टायपून ठिवलीय. सही तेवढी राहिलीय. आन् ते तुमचं वर्तुळ जरा वडा की आमच्या गावाकडं."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा नकाशा होता. त्यात भविष्यात सुरू होणारे सहा मार्ग वाढले होते, सगळे आबासाहेबांच्या गावापलीकडचे. वर्तुळाचा मध्य तालुक्याच्या पार टोकाला, आबासाहेबांच्या वाड्यासमोर जाऊन बसला होता. मी मुळेसाहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, हब आजसाठी नसतं, उद्यासाठी असतं." आणि घाईनं चहा प्यायले, बोट न बुडवता.

एप्रिलमध्ये हब सुरू झालं. फीत कापली, नारळ फुटला. विमानतळासारखी शिस्त आली. सगळ्या मार्गांचे टेम्पो आल्याशिवाय दुधाचा टँकर हलवायचा नाही, कारण कनेक्शन. एक टेम्पो पंक्चर झाला की बाकीचे सात उन्हात उभे. गार करायच्या यंत्राला पाणी लागतं, आणि त्या गावच्या बोअरला फक्त हवा येत होती. म्हणून यंत्रासाठीही पाण्याचा टँकर यायचा, आला तर.

नांदूरघाटजवळच्या एका वाडीत कौसाबाई राहायची. तिच्याकडे एक जर्सी गाय. मुलगा आणि सून दरसाल ऊसतोडीला जायचे, पण त्या वर्षी सून कोयत्यावर गेली नव्हती. दुधाचं येत होतं, म्हणून ती नातीच्या शाळेसाठी घरी राहिली होती. त्या घराचं सगळं त्या गायीवर होतं. एप्रिलच्या शेवटी कौसाबाईचं दूध लागोपाठ परत यायला लागलं, फाटलेलं. पाचव्या दिवशी ती किटली घेऊन थेट कार्यालयात आली आणि मुळेसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"सायब, आमच्या वाडीपून नांदूरघाट दोन कोस. तितलं केंद्र कावून बंद केलं?"

मुळेसाहेब तिला समजावून सांगायला लागले. हब, मार्ग, कनेक्शन, एक गाडी चुकली तर सगळं वेळापत्रक बिघडतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सायब, इमानाला उशीर झाला तर मानूस थांबतंय, चिडतंय, शिव्या देतंय. पर नासत न्हाई. दुधानं काय करावं?"

अकरा वर्षं खिडकीमागे बसलेल्या माणसाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते स्वतः तिच्या वाडीच्या टेम्पोत बसले. बंद पडलेल्या नांदूरघाट केंद्राच्या कुलपासमोरून टेम्पो गेला, आणि पुढे तीन तास त्यांनी मांडीवर किटली धरून उन्हात काढले. दुपारी कार्यालयात आले तेव्हा शर्टाला आंबट वास येत होता. मी म्हणालो, "साहेब, घरी जा, कपडे बदला." ते म्हणाले, "राहू द्या."

त्यानंतर रविवारी सलीमभाई आले तरी नागपूर निघेना. सलीमभाईच बिचारे एकटे हैदराबादची बाजू मांडून परत जायचे.

सप्टेंबरात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. सहकारी संस्थेच्या सभेत कधी बसला नसाल तर सांगतो. मांडवाच्या मागे बुंदी पडत असते, तिचा वास पुढे येत असतो, आणि पुढचे सभासद चेअरमनच्या तोंडाकडे न बघता प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर!" म्हणून ओरडत असतात. विषय जितक्या लवकर संपतील तितकी पंगत लवकर. अहवाल मंजूर, तोटा मंजूर, तोट्याबद्दल अभिनंदनाचा ठरावही मंजूर.

सातव्या विषयाला मुळेसाहेब उभे राहिले. हातात कागद होता. "हब ही माझी चूक आहे," त्यांनी वाचलं. "मध्य नांदूरघाटला येत होता. मी तो नेमणुकीसाठी ओढून नेला. नांदूरघाटचं केंद्र दसऱ्याआधी सुरू करावं, अशी माझी सभेला विनंती आहे."

माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही सभेत "माझी चूक" हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते, नंतरही नाहीत. आबासाहेबांचा चेहरा उतरला. आणि मांडवातून, वासानं कासावीस झालेल्या तीनशे गळ्यांतून, सवयीनं आरोळी आली, "मंजूर! मंजूर!"

झालं होतं! ठराव रीतसर झाला होता. मागे बायकांत बसलेली कौसाबाई उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "भाऊसायब, लिवा! लिवून घ्या!"

मी पेन उचललं. आबासाहेब माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, पोरगी लग्नाची हाय न्हवं तुमची? जपून लिवा." मी लिहिलं: विषय क्रमांक सात. व्यवस्थापकांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा सादर केला. सर्वानुमते मंजूर. माझं अक्षर चांगलं आहे. त्या ओळीत ते विशेष चांगलं आलंय.

केंद्राचं कुलूप निघालं नाही. ऊसतोडीचा मुकादम कौसाबाईच्या दारात आगाऊ पैशांची उचल घेऊन बसलाच होता. दसरा झाल्यावर कौसाबाईची सून कोयत्यावर गेली, आणि नातही तिच्याबरोबर गेली.

मुळेसाहेब सभेनंतर कार्यालयात फिरकले नाहीत. सलीमभाईंच्या ओळखीनं त्यांना हैदराबादला सामानाच्या गोदामात काम लागलं. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. ते मजेत होते, इतके मजेत मी त्यांना नागपूर जिंकल्याच्या रविवारीही पाहिलं नव्हतं.

"इतिवृत्तात घेतलंत ना, भाऊसाहेब? शब्दन्‌शब्द?"

"घेतलं साहेब."

"मग केंद्र सुरू?"

"एक पार्ट यायचाय," मी म्हणालो.

"हां, पार्टला वेळ लागतोच. विमानाच्याही लागायचा." ते गाडीत चढले, खिडकीशी बसले आणि हात बाहेर काढून त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नोकरी गेली त्याचं काही नाही हो. आयुष्यात एक गोष्ट तरी सरळ केली, आणि ती तुमच्या अक्षरात लिहिलेली आहे."

गाडी हलली तरी त्यांनी हात सोडला नाही, म्हणून चार पावलं मला गाडीबरोबर पळावं लागलं.