द्वारकाबाईंची मिटिंग

द्वारकाबाई आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, नार्नूरला, अंगणवाडी प्रकल्पाच्या सुपरवायझर म्हणून आल्या, तेव्हा त्यांची पस्तिशी उलटलेली होती. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूल नव्हतं. माहेर तामसीकडं. एक खोली भाड्यानं घेतली आणि कामाला लागल्या.

महिन्याची मिटिंग हेच मोठं काम. गावोगावच्या अंगणवाड्या चालवणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या बाया बसनं येत, बाकांवर ओळीनं बसत. द्वारकाबाई तेलुगूतलं परिपत्रक मराठीत सांगत. बाया जांभया देत, बसच्या रस्त्याकडं बघत. एकदा सोजरबाई भिंतीला टेकून चक्क घोरायला लागली. सगळ्यांना वाटलं, आता बाई रागावणार.

द्वारकाबाईंनी कागद खाली ठेवला. "सोजरबाई, तुमचे पोरं दलिया खातेत काय?"

सोजरबाई दचकून उठली. झोपेच्या भरात खरं ते बोलून गेली, "कुठले खातेत, बाई! थुकून देतेत."

"मंग तुमी काय करता?"

"भाजून घेतो. गूळ टाकतो."

"गूळ कोन देते वो तुमाले?" मागून कोणीतरी विचारलं, आणि बघता बघता सगळ्या बोलायला लागल्या. त्या दिवशी दोघींची बस चुकली, तरी तक्रार नव्हती.

पुढच्या वेळी द्वारकाबाईंनी बाक भिंतीला लावले, सतरंजी घातली. आधी एकीनं आपल्या गावची अडचण सांगायची, बाकीच्यांनी तोड सुचवायची. कागद शेवटी. जी कधीच तोंड उघडत नसे तिला त्या सोपं काहीतरी विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. मग मिटिंग चुकवायला कोणी तयार होईना.

दुपारी बाया व्हरांड्यात डबे सोडत. द्वारकाबाई आत टेबलाशी. कोणी ना कोणी ठेचा, भाजी आणून देई, "घ्या बाई" म्हणून आदरानं परत जाई. बाहेर हसणं चाले. एक दिवस त्या आपला डबा घेऊन बाहेर गेल्या. हसणं थांबलं. पदर सावरले गेले.

"काही चुकलं काय, बाई?" सोजरबाईनं विचारलं.

"नाई वो. जेवाले आली."

सगळ्या खाली बघून जेवल्या. द्वारकाबाईंनी भाकरी घाईनं संपवली आणि आत आल्या. पाठीमागं कुजबुज सुरू झाली, मग हसू. पुन्हा त्या गेल्या नाहीत.

नव्वद सालानंतर त्यांची बदली आदिलाबादला झाली. निरोपाला बायांनी लुगडं दिलं, सोजरबाई रडली. पण बसनं एवढ्या लांब भेटायला कोण येणार?

आदिलाबादच्या मिटिंगा मोठ्या, सगळ्या तेलुगूत. द्वारकाबाईंना समजे सगळं, बोलायला मात्र शब्द जुळवावे लागत. एकदा त्यांनी हात वर केला, सतरंजीवरच्या बैठकीबद्दल सांगायला लागल्या. अर्ध्यातच साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. त्यानंतर त्या मागच्या खुर्चीवर बसत. सहीपुरतं त्यांचं नाव निघे.

निवृत्तीच्या आधल्या वर्षी रेणुकाबाई नावाची नवीन सुपरवायझर शेजारी येऊन बसली. साहेब भराभरा बोलत होते. ती वाकून म्हणाली, "मावशी, काय म्हणून राह्यले हे? मले तर काईच समजून नाही राह्यलं."

द्वारकाबाई हळू आवाजात सांगू लागल्या. रेणुकाबाईनं मधेच शंका काढली, त्यांनी उत्तर दिलं, मग तिनं आणखी एक विचारलं. मिटिंग संपली तशी ती बस पकडायला धावतच गेली.

हॉल रिकामा झाला. शिपाई खुर्च्या उचलायला आला, तरी द्वारकाबाई रेणुकाबाईच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसूनच होत्या.