रिकामी चरवी

आमचं घर इंदापूर तालुक्यात, सणसरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. पन्नास सालानंतरची गोष्ट, नेमकं साल मला सांगता यायचं नाही. जमीन आमची वीतभरही नव्हती. आई आणि मी एका बागाईतदाराच्या मळ्यात मेथी उपटून जुड्या बांधायचो. जुड्या बैलगाडीनं बारामतीच्या बाजारात जायच्या, आणि आम्ही घरी येऊन हुलग्याचं माडगं प्यायचो. हुलग्याच्या पिठाची पातळ पेज म्हणा ना.

थोरली बहीण बाळंतपणाला आली. मुलगी झाली. पण माडग्यावर बाळंतिणीला पान्हा कुठला फुटतोय? पोर नुसती चोखायची आणि रडायची. सुईण म्हणाली, "हिच्या पोटात दूध जाऊ द्या, पालाभाजी जाऊ द्या." आई म्हणाली, "व्हय."

मळ्याच्या मालकीणबाईंना हे कळलं. बाई मनानं चांगली, खोटं कशाला बोलू? पितळेची चरवी भरून म्हशीचं दूध दिलं. म्हणाल्या, "रोज येऊन न्हे गं. लाजू नगंस."

बहीण ते दूध प्याली. त्या रात्री पोर गप निजली.

सकाळी आईनं चरवी राखेनं लख्ख घासली, आणि हातात धरून बसली. आमच्यात दुधाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हैस आटते म्हणतात. त्यात काहीतरी घालायचं, चार दाणे का होईना.

"हुलगं घाल की," बहीण म्हणाली.

"हुलगं? त्यांच्यात बैलाला घालत्यात."

"मंग रिकामी न्हे."

"आन् म्हस आटली म्हंजे? कामावर तरी उभं करतील का? चिंचा पाडाला लागल्यात. वाईच पिकू दे, मंग न्हेते."

चरवी कोनाड्यात राहिली. आम्ही मळ्यात जायचो, मेथी उपटायचो, यायचो. आई मालकीणबाईंच्या दाराकडं बघायचीसुद्धा नाही. पोरीचं रडणं बारीक होत गेलं. मग एका दुपारी ते थांबलं. बहीण मांडीवर घेऊन तशीच बसली होती. कुणी मोठ्यानं रडलं नाही. संध्याकाळी चूल पेटली नाही, एवढंच.

सुतकात भांडं देता येत नाही. ते फिटलं तोवर चिंचा पिकल्या. आईनं चरवी भरली, मी बरोबर गेले.

"आलीस व्हय!" मालकीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं चरवी हुंड्यात दिली लेकीला! रोज दूध काढून ठेवीत हुते गं. मंग रेडकाला पाजायचं. नात काय म्हणतीया?"

"न्हाय ऱ्हायली, बाई."

त्यांनी चरवी हातात घेतली. चिंचा सुपात ओतल्या, आत गेल्या, चरवी दुधानं भरून आणली आणि आईच्या हातात दिली. आई नको म्हणाली नाही.

घरी बहिणीनं तोंड फिरवलं. ते दूध मी प्याले. वर साय होती. मग आईनं चरवी घासली आणि पुन्हा कोनाड्यात ठेवली.