बाबांच्या डिक्शनरीतला शब्द

रद्दीच्या दुकानातल्या पिवळ्या कागदांचा वास आला की बाबांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी आठवते. गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या रद्दीवाल्याकडून आणलेली. रोज संध्याकाळी ते त्यातले जुनेजुने शब्द माझ्याकडून अर्थासकट घोटून घेत. पुढे त्यांच्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या ऑफिसात माझा इंटरव्ह्यू होता. बोलताना मी 'हिदरटू' म्हणालो, म्हणजे आजपर्यंत. मॅडम हसल्या. "असं आता कोण बोलतं?" मग शेजारच्या केबिनमधल्या साहेबांना बोलावून मला म्हणाल्या, "पुन्हा म्हण ना." मी म्हणालो. तेही हसले. बाबा गेटबाहेर उन्हात उभे होते. "आपले शब्द विचारले का रे?" "विचारले," मी म्हटलं, "दोनदा." नोकरी मिळाली नाही. बाबांना अजून वाटतं, माझं पाठांतर कमी पडलं.