मुठीने ठोकलेलं एन्टर

आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात वेगवान बाईला त्या दुपारी एक साधी कमांड टाइप करता आली नाही, आणि हे आम्ही भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघड्या डोळ्यांनी पाहिलं. अजून माझा विश्वास बसत नाही.

तिला सगळे ‘एकाक्षरी’ म्हणायचे. मी ताई म्हणायचे. कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं हे तिचं काम. सर्व्हरशी माउसने बोलता येत नाही. काळ्या पडद्यावर लांबलचक कमांड लिहाव्या लागतात. त्यात एक टिंब चुकलं तरी सगळं बोंबलतं. ताईने मात्र प्रत्येक कमांडला एका अक्षराचं टोपणनाव दिलं होतं. ‘ई’ लिहिलं की हजारो ओळींच्या नोंदींतून फक्त चुकांच्या ओळी समोर यायच्या. ‘बी’ लिहिलं की आपण आधी ज्या फोल्डरमध्ये होतो तिथे परत. ‘एक्स’ जुन्या फायली काढून टाकायचा, पण काय काय जाणार ते आधी दाखवून विचारायचा, “अगं, नक्की का?” तिच्या सगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांड एकत्र बांधून ठेवलेल्या फायली, अशाच बोलायच्या. चुकीच्या ठिकाणी काही करायला गेलात की पडद्यावर उमटायचं, “बाई गं, घर चुकलीस.”

मी रुजू झाले त्याच दिवशी तिने ही सगळी अक्षरं असलेली फाइल मला पाठवली. म्हणाली, “घे. बोटं झिजवू नकोस. आणि काही पुसायचं असेल तर आधी बघायचं, मग पुसायचं. डोळे मिटून तोंड धुण्यासारखं नाही ते.”

आमच्या टीमचा प्रमुख म्हणजे मुकादम. हे त्याचं टोपणनाव, कारण तो सतत कुणाच्या तरी खुर्चीमागे उभा असायचा. तो तिला टोमणे मारायचा. “अहो बाई, अजून एक अक्षर वाचवा, म्हणजे काही टाइपच करायला नको.”

“तुमची तोंडं चालतात तेवढी पुरे आहेत,” ती म्हणायची आणि उजव्या मुठीने एन्टर ठोकायची. हो, मुठीने. दारावर थाप मारावी तशी. आम्हाला तो तिचा थाट वाटायचा. तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण कधीच घट्ट लावलेलं नसायचं, नुसतं वर ठेवलेलं. एकदा बाटली आडवी होऊन मुकादमाचे कागद भिजले, तेव्हा तो म्हणाला, “झाकण फिरवायचाही कंटाळा! धन्य आहे.” आम्ही पोट धरधरून हसलो. ताईसुद्धा हसली.

त्या आठवड्यात हसायला फारसं काही नव्हतं. आमची टीम आणि वरच्या मजल्यावरची टीम एक होणार होती, आणि काही जणांना घरी पाठवणार हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. ताईला ही नोकरी गमावून चालणार नव्हतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि हल्ली घड्याळ दुरुस्त कोण करतं? लेक शिकत होती. ताई एकदाच म्हणाली होती, “माझं वय झालंय गं. आता नवीन ठिकाणी मला कोण विचारणार?”

त्यातच एका सकाळी आम्हाला नवे लॅपटॉप मिळाले. जुने रिकामे करून परत नेले. ताईने आपली फाइल आधीच सुरक्षित ठेवली होती, तिच्या एकाक्षरी स्क्रिप्टनेच. पण तिथेच घात झाला. जुन्या लॅपटॉपवर तिच्या नेहमीच्या जागी फाइल नव्हतीच, दुसऱ्या फोल्डरमधल्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा एक दुवा होता. ही सोय आम्ही सगळेच करतो. स्क्रिप्टने इमानेइतबारे तो दुवा उचलला. म्हणजे पत्ता नव्या लॅपटॉपवर आला आणि घर जुन्याबरोबर पुसलं गेलं. तीच स्क्रिप्ट वापरल्यामुळे माझीही फाइल तशीच गेली होती.

हे तिला कळलं ते त्याच दुपारी, सगळ्यांसमोर. मोठे साहेब दोन्ही टीम पाहायला आले होते आणि नेमका तेव्हाच ग्राहकांचा सर्व्हर बंद पडला. साहेब म्हणाले, “सगळ्यात जलद कोण? करा बघू, आम्हालाही दिसू दे.” मुकादमाने ताईकडे हात केला. तिचा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला.

तिने ‘ई’ लिहिलं. मूठ आपटली. पडद्यावर उत्तर आलं, अशी कमांडच नाही.

पुन्हा ‘ई’. पुन्हा मूठ. पुन्हा तेच.

मग तिने पूर्ण कमांड लिहायला घेतली. डाव्या हाताच्या बोटांनी. मध्येच दोन कळा एकदम दाबायच्या आल्या, तेव्हा उजव्या हाताचं मनगट उचलून एका कळेवर टेकवलं, ते घसरलं आणि पडद्यावर नको ती अक्षरं सांडली. तिने खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा सांडलं.

“कमांड आठवत नाही का?” साहेबांनी विचारलं.

“आठवते,” ताई म्हणाली. “बोटं येत नाहीत.”

तिने उजवा हात टेबलावर ठेवला. तीन बोटं आत वळलेली होती, झोपलेल्या माणसाच्या हातासारखी. “मनगटातली नस दाबली गेली होती. ऑपरेशन केलं. पण ही तीन उठलीच नाहीत.”

मी तिच्या शेजारी बसायचे हो! रोज!

पहिला हलला तो मुकादम. त्याने स्वतःचा लॅपटॉप ओढला आणि काहीतरी शोधू लागला. “थांबा. माझ्याकडे आहे.”

“तुमच्याकडे काय आहे?” ताईने विचारलं.

“तुमची फाइल. केव्हाच उचलली होती.” त्याचे कान लाल झाले होते. फाइलचं नाव त्याने ठेवलं होतं, ‘आळस’.

फाइल ताईच्या पडद्यावर उघडली. ती सुरू करताना आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच तिच्यातली अक्षरं ओळीने पाहिली. ए, एस, डी, एफ. क्यू, डब्ल्यू, ई. एक्स, सी, बी. मुकादमाने आपल्या कीबोर्डाकडे पाहिलं आणि उजवी बाजू तळहाताने झाकली. सगळी अक्षरं उरलेल्या अर्ध्या भागात होती. एकही पलीकडे नव्हतं. “नक्की का?” ला ‘हो’ म्हणायला जगभर चालणारा ‘वाय’ सोडून ‘एस’ का लागतो म्हणून मी किती वेळा कुरकुरले होते! आम्ही ती फाइल रोज वापरत होतो आणि आमच्यातल्या एकालाही हे दिसलं नव्हतं.

ताईने ‘ई’ लिहिलं. मूठ. सर्व्हरची डिस्क नोंदींनी भरली होती. ‘एक्स’. मूठ. पडद्यावर फायलींची यादी आणि खाली ओळ, “अगं, नक्की का?” तिने यादी वरून खालपर्यंत वाचली. साहेब उभे आहेत, ग्राहक खोळंबलेत, तरी सावकाश वाचली. मग ‘एस’. मूठ. सर्व्हर जागा झाला.

“हे आधी का नाही सांगितलं?” साहेब म्हणाले.

“सांगितलं असतं तर ठेवलं असतं मला?”

मुकादम मध्ये पडला. “साहेब, ह्या फाइलवर आमची अख्खी टीम चालते. बाईंना काढायचं असेल तर आधी आम्हाला काढा. आम्हाला कुठे येतात पूर्ण कमांड?”

जाणाऱ्यांची नावं पुढच्या आठवड्यात कळली. त्यात ताई नव्हती. त्या दिवशी मुकादम नेहमीसारखा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“काय हो एकाक्षरी, आज बाटली सांडायचा विचार आहे का?”

“मग लावा की झाकण. बघता काय!”

त्याने झाकण उचललं, बाटलीवर बसवलं आणि घट्ट पिळणार तोच थांबला. मग अर्धाच आटा फिरवून बाटली तिच्या डाव्या हाताशी ठेवली.