अप्पांनी चढवलेली बोली

आमच्या मुखेडात मंजुश्रीला कुणी कलाकार म्हणत नाही. लोक तिला काय काय म्हणतात ते आधीच सांगून टाकतो: परत आलेली, बाहुल्यावाली, आणि किराणावाल्या भीमाशंकर अप्पांची थोरली. मी तिला अक्का म्हणतो. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि आमच्या दोन घरांत भिंत एक. मी वीरेश. बस स्टँडजवळ माझं ऑनलाईन सेंटर आहे. पीकविमा, पॅनकार्ड, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, झेरॉक्स. अर्ध्या गावाचे पासवर्ड माझ्या वहीत आहेत आणि मला त्याचा भारी तोरा होता. आता नाही.

अक्काला लातूरला दिलं होतं. तीन वर्षांनी ती एक बॅग घेऊन परत आली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि अप्पांनी विचारलं नाही. अप्पा वाईट माणूस नव्हे. पण ज्याची लेक परत येते त्याला आमच्या बाजारात खाली मान घालून गल्ल्यावर बसावं लागतं, आणि त्याचा राग शेवटी लेकीवरच निघतो. बारा वर्षं बापलेकीचं बोलणं 'चहा झाला का' आणि 'किल्ली कुठाय' याच्यापुढं गेलं नाही. मला दोघांचाही संताप यायचा. पण भिंत एक असली तरी शेजाऱ्यानं किती बोलायचं, त्याला हद्द असते.

दुकानामागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांच्या बाजूला, तिनं प्राणी करायला घेतले. जगात नसलेले प्राणी. तारेचा सांगाडा वाकवायचा, नळाची गळती बुजवायला वापरतात तसली दोन गोळ्यांची लापी मळून त्यावर चढवायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, आणि मग रंग. खरा वेळ रंगाला लागायचा. तिच्या ड्रॅगनला शिंगं लाल कंधारी खोंडाची असत, मान घोरपडीची, आणि अंगावर खवले सीताफळाच्या सालीचे. सीताफळ समोर ठेवून ती एकेक खवला रंगवायची. आधी काळपट, त्यावर हिरवा, कडांना फिकट, आणि शेवटी भेगांमधून गुलाबीची पुसट रेघ. तिकडच्या लोकांनी असली साल जन्मात पाहिली नव्हती.

तिकडचे म्हणजे परदेशातले हौशी. त्यांची लिलावाची एक साईट आहे. फोटो टाकायचे, सात दिवस बोली चालते, जो शेवटी वर राहील त्याला माल पाठवायचा. काही लोक आधी सांगूनही करून घेत. एका बाईला तिच्या मेलेल्या मांजराच्या रंगाचा पंखवाला कोल्हा हवा होता. अक्कानं दोन महिने फोटो बघत बसून तो केला. माल पोचला की गिऱ्हाईक चार ओळी लिहायचं. त्या ओळी वाचून घ्यायला ती माझ्याकडं यायची. माझं इंग्रजीही यथातथाच, पण फोनच्या मदतीनं मी अर्थ लावायचो. एकानं लिहिलं होतं, खवले रंगवावेत तर मुखेडच्या मंजुश्रीनं. ती ओळ तिनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"एवढंच माझं हाय, वीरेशा," ती म्हणाली. "बाकी समदं अप्पांचं."

सहा वर्षांत तिच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती. त्या साईटवर निवडक कलाकारांची एक यादी असते. त्यात नाव लागलं की लोक नंबर लावून काम देतात. त्यासाठी मोठं काम लागतं आणि पाटी कोरी लागते. गेल्या वर्षी अक्कानं कुणाच्या मागणीविना, नऊ महिने खपून, हातभर लांबीचा एक प्राणी केला. पंख मिटून बसलेला, मान वळवून स्वतःच्या पाठीकडं बघणारा. मला कलेतलं काही कळत नाही, पण तो बघायला मी सेंटर उघडं टाकून दोनदा गेलो. तिनं तो लिलावाला लावला आणि ती उमरीला मावशीकडं निघून गेली. बोली चालू असली की तिला घरात बसवत नसे. दरवेळी ती असंच करायची, फोन बंद ठेवायची आणि लिलाव संपल्यावरच बघायची.

पाचव्या दिवशी अप्पा दुकानाच्या परवान्याचं नूतनीकरण करायला माझ्याकडं आले. माझ्या स्क्रीनवर अक्काचा लिलाव उघडा होता. अप्पांनी चष्मा पुसला.

"हे आपल्या घरातलं हाय न्हाई का?"

"हाव अप्पा. अक्कानं केलंय."

"आन् हे बाजूला काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. सहा वर्षांतलं सगळं वाचलं, अगदी त्या खवल्यांच्या ओळीसकट. अप्पा स्टुलावर बसून ऐकत होते. परवान्याचे कागद त्यांच्या मांडीवरून खाली घसरले तरी त्यांनी उचलले नाहीत.

"इतके लोक बोलून राहिले," ते म्हणाले. "आन् मी एक सबद बोललो न्हाई तिला." मग स्क्रीनकडं बोट करून विचारलं, "हा लिलाव म्हंजे आपल्या जत्रंतल्यावानीच का?"

मी म्हणालो, "हाव. तसाच."

सगळं वाटोळं झालं ते या दोन शब्दांनी. ज्यांना आमची जत्रा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीरभद्राच्या जत्रेत देवापुढचा नारळ लिलावात निघतो. तो नारळ खायला म्हणून कुणालाच हवा नसतो. एकानं पाचशे म्हटलं की दुसरा हजार म्हणतो, तिसरा दोन हजार. सोयरेधायरे, शेजारी, भाऊबंद सगळे मिळून चढवत नेतात. जितकी बोली मोठी तितका देवाचा मान मोठा. आपल्या माणसानं गप्प उभं राहणं हाच अपमान. आणि शेवटची बोली घरातल्या कर्त्यानं लावावी, हे तर सगळ्यात चांगलं.

सातव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी अप्पा गल्लीतली दहा माणसं घेऊन सेंटरवर हजर. आडत दुकानाचे शिवमूर्ती, कापडवाले मलप्पा, अप्पांचे दोन पुतणे, आणखी कोण कोण. प्रत्येकाचं खातं मी उघडलं. नियमांची लांबलचक पानं आली. गेली पंधरा वर्षं मी हजारो लोकांच्या वतीनं 'मला मान्य आहे' या चौकोनात टिचकी मारत आलोय, त्यातला एकही नियम वाचलेला नाही. त्या दिवशी अकरा वेळा मारली. एकाच दुकानातून, एकाच कॉम्प्युटरवरून. मग बोली लागली. मलप्पा म्हणाले, चढव. शिवमूर्ती म्हणाले, माझी त्याच्याहून वर. तिकडचं एक खरं गिऱ्हाईक तीन वेळा चढलं आणि थांबलं. आम्ही चहा मागवला. बारा वर्षांत अप्पांना मी असं हसताना पाहिलं नव्हतं. लिलाव संपायला पाच मिनिटं असताना त्यांनी सगळ्यांच्या वर आपली बोली लावली आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मलाही, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का उमरीहून आली. अप्पांनी गल्ली गोळा केली होती. जत्रेत करतात तसं ताटात विडा, नारळ आणि बोलीची पूर्ण रक्कम मांडून ते दारात उभे होते. तिनं उंबऱ्यात पाय ठेवला तसे अप्पा म्हणाले, "मंजू, तुझी चीज मी घेतली. कुणाला वर जाऊ दिलं न्हाई." तिनं ताट घेतलं. वाकून पाया पडली. तिचा चेहरा मला बरा वाटला नाही, पण मी म्हटलं, प्रवासाचा शीण असेल.

तासाभरानं ती सेंटरवर आली आणि फोन माझ्यापुढं ठेवला. तो तिनं बसमध्येच चालू केला होता आणि फोनकडूनच अर्थ लावून घेतला होता. साईटचं पत्र आलेलं: आपल्याच माणसांकडून खोटी बोली चढवून घेतल्याबद्दल खातं कायमचं बंद. आणि साईटवर त्या थांबलेल्या गिऱ्हाइकानं सगळ्या हौशींना इशारा लिहिला होता, हिच्याकडून काही घेऊ नका. खवल्यांची ती ओळ त्यानंच लिहिली होती.

"ह्यो नियम तुला ठाऊक न्हवता का रे?" तिनं विचारलं.

"न्हाई गं अक्का."

"मला विचारायचं तरी."

त्याच रात्री मी लिहायला बसलो. मी साईटला सात पत्रं लिहिली. जत्रा काय, नारळ काय, कर्ता माणूस काय, सगळं समजावून सांगितलं. अक्काला काही माहीत नव्हतं, चूक माझी, हेही लिहिलं. सातही वेळा तेच तीन ओळींचं उत्तर आलं. माझ्या नावानं नवीन खातं काढू म्हटलं तर तिनं साफ नकार दिला. तेव्हा खोटं केलं नव्हतं, आता केलं तर ते म्हणतात तेच खरं ठरंल, म्हणाली. त्या मांजरवाल्या बाईला तिनं माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं. त्याला उत्तरच आलं नाही.

"अप्पांना सांगू का?" मी एकदा विचारलं.

"नको," ती म्हणाली. "जीवच द्यायचे ते."

तिनं लापीची डबी उघडून पुन्हा झाकून ठेवली, आणि त्यानंतर ती मागच्या खोलीत रंगाला बसलेली मी पाहिली नाही. ती आता दुकानात असते, पुढं, गल्ल्यापाशी. अप्पांनी स्वतः तिला तिथं खुर्ची टाकून दिली. बापलेक बोलतात. अप्पा तिला जेवलीस का विचारतात, गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतात की ही माझी मंजू, हिच्या कामाला परदेशात मान हाय. प्राणी काचेच्या कपाटात, साबणांच्या वरच्या फळीवर आहे. लोक बघायला येतात. ती डाळ जोखत असते. जिच्यासाठी मी बारा वर्षं तळमळलो ती गोष्ट झाली, आणि आता मला त्या दुकानासमोरून जाववत नाही.

परवा अप्पा सेंटरवर आले. अंगावर परीटघडीचे कपडे, खिशात पाकीट. हळू आवाजात म्हणाले, "वीरेशा, पोरगी आजकाल काही करून न्हाई राहिली. हुरूप यायला पायजे तिला. या खेपंला मी तयारी करून ठिवलीय, गल्ली तर गल्ली, उदगीरचे पावणेबी येतो म्हणलेत. पुढचा लिलाव कधी लागतो तेवढं सांग."

मी कीबोर्डवर उगीच बोटं चालवली, स्क्रीनकडं बघितलं, आणि म्हणालो, "तारीख आली की सांगतो, अप्पा."